विजेच्या मोटारीचा ब्रेक : काम कमी, निगा जास्त



आपल्यापैकी अनेकांच्या दारात आता विजेवर चालणारी मोटार उभी आहे. कोणी दुकानाच्या फेऱ्यांसाठी घेतली, कोणी माल पोहोचवण्यासाठी, तर कोणी ट्रॅव्हल्सच्या धंद्यात लावली. डिझेलचा खर्च वाचतो, इंजिन ऑइल बदलावे लागत नाही, क्लच प्लेट नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. म्हणून गाडी विकत घेणारा असे धरून चालतो की हिला आता काही करावेच लागत नाही. ब्रेकबद्दल तर शोरूममध्ये हमखास सांगितले जाते की पॅड वर्षानुवर्षे टिकतात. ही गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. परंतु पॅड टिकणे वेगळे आणि ब्रेक चालू स्थितीत राहणे वेगळे. या दोहोंतला फरक न कळल्यामुळे पुढे खर्चही होतो आणि धोकाही होतो.

आजच्या लेखात आम्ही ब्रेकच्या एकाच भागाविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव कॅलिपर. तो साफ कसा करावा, त्याला कोणते ग्रीस कोठे लावावे आणि कोठे अजिबात लावू नये, हे गाडीच्या मालकालाही कळावे आणि गॅरेज चालवणाऱ्या कारीगरालाही उपयोगी पडावे, असा हा धडा आहे.

ब्रेक गंजतो का?

पेट्रोलच्या गाडीत वेग कमी करायचा म्हणजे पॅड डिस्कवर दाबायचे. घर्षण होते, उष्णता निघते आणि गाडी थांबते. विजेच्या गाडीत आधी दुसरेच काम होते. पाय उचलला किंवा ब्रेकवर हलका ठेवला की चाके मोटरला फिरवू लागतात, मोटर जनरेटरसारखी चालते, वीज बॅटरीत परत जाते आणि गाडीचा वेग कमी होतो. कारीगर मंडळी याला नुसते ‘रिजन’ म्हणतात. शहरातल्या रोजच्या वाहतुकीत थांबण्याचे बरेचसे काम हे रिजनच करून टाकते. पॅड आणि डिस्क यांची गाठ क्वचितच पडते.

आता आपल्या कापडाच्या धंद्यातलेच उदाहरण घ्या. माग रोज चालत असेल तर त्याचे भाग घासून चकचकीत राहतात. तोच माग पावसाळ्यात दोन महिने बंद ठेवा. रॉडवर गंज चढतो, बेअरिंग जड होतात आणि पुन्हा सुरू करताना जॉबरला दिवसभर घाम गाळावा लागतो. बंद मागाचे नुकसान झिजण्याने होत नाही, पडून राहण्याने होते. विजेच्या गाडीच्या ब्रेकचेही असेच आहे. डिस्क बिडाची असते. पाणी लागले की तिच्यावर काही तासांत तांबूस थर येतो. पेट्रोलच्या गाडीत पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये तो पुसला जातो. विजेच्या गाडीत तो पुसणारे कोणी नसते. थर वाढतो, खड्डे पडतात आणि कॅलिपरचे जे भाग सरकायला हवेत ते जागच्या जागी धरतात. उर्दूत आपण ज्याला जंग म्हणतो, तो लोखंडाला आतून खाणारा शत्रू आहे. त्याला फक्त वेळ आणि ओल पाहिजे.

हा अनुभव परदेशात आधी आला, कारण तेथे अशा गाड्या आधी रस्त्यावर आल्या. अमेरिकेच्या उत्तर भागात, कॅनडात आणि युरोपात हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते खारे पाणी चाकांत उडते. म्हणून टेस्ला कंपनीच्या मालक-पुस्तिकेत स्पष्ट सूचना आहे की जेथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकले जाते तेथे दर वर्षी किंवा दर २०,००० किलोमीटरला कॅलिपर साफ करून त्यांना ग्रीस करावे. जर्मनीत गाड्यांची सक्तीची तपासणी करणाऱ्या ‘ट्यूफ’ संस्थांनी २०२३ च्या अखेरीस जो अहवाल जाहीर केला, त्यात दोन-तीन वर्षे वापरलेल्या टेस्ला मॉडेल ३ पैकी १४.७ टक्के गाड्या मोठ्या दोषांमुळे अडकल्या होत्या आणि त्या दोषांत ब्रेकच्या डिस्कचाही समावेश होता. फोक्सवॅगन कंपनीने आपल्या आयडी ३ आणि आयडी ४ या विजेच्या गाड्यांना मागच्या चाकांवर मुद्दाम जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक बसवले. ड्रम बंद असतो, आत पाणी-चिखल कमी जातो आणि कमी वापरातही तो गंजत नाही, असा त्यामागचा विचार.

कोणी म्हणेल, आपल्याकडे बर्फही नाही आणि रस्त्यावर मीठही नाही. खरे आहे. पण आपल्याकडे चार महिन्यांचा पावसाळा आहे. रत्नागिरी, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन येथे खारा वारा बारा महिने आहे. कोकणातल्या माणसाला दाराच्या कडीकोयंड्याची अवस्था सांगायला नको. देशावर धूळ आणि चिखल आहे. मिठाची सूचना आपल्याला अक्षरशः लागू नसली, तरी तिचे कारण आपल्यालाही लागू आहे.

ब्रेकची खरी परीक्षा कधी होते?

रोजचे काम रिजन करते, मग कॅलिपर थोडा जड झाला तर काय बिघडले, असा प्रश्न येतो. याचे उत्तर घाटात मिळते.

मालेगाव-नाशिककडून भिवंडीला येणारा रस्ता इगतपुरीहून कसारा घाटाने खाली उतरतो. उतार साधारण ३०० मीटर उंचीचा. मालासह १,५०० किलो वजनाची गाडी एवढी खाली येते तेव्हा जी शक्ती मोकळी होते ती सव्वा युनिट विजेइतकी भरते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगातली तीच गाडी २१ वेळा पूर्ण उभी करण्याइतकी. त्यातला काही भाग वाऱ्यात आणि टायरमध्ये जातो. बाकीची शक्ती कोठे तरी जायला हवी. बॅटरीत जागा असेल तर रिजन ती बॅटरीत भरते. पण चालकाने घाटाच्या वरच गाडी १०० टक्के चार्ज करून घेतली असेल तर? भरलेल्या घड्यात आणखी पाणी ओतता येत नाही. अशा वेळी रिजन आपोआप कमी होते आणि सगळा भार पॅड, डिस्क आणि कॅलिपर यांच्यावर येतो. बॅटरी फार थंड असतानाही असेच होते. शिवाय अचानक मूल रस्त्यात आले आणि ब्रेक कचकन दाबला, तर तेथेही रिजन एकटे पुरत नाही.

म्हणजे जो कारीगर महिनोन्महिने रिकामा बसला होता, त्याच्यावर एका क्षणात सगळे काम पडते. त्या क्षणी एका चाकाचा कॅलिपर मोकळा आणि दुसऱ्याचा जाम असेल तर गाडी एका बाजूला ओढते. घाटात याचा अर्थ काय होतो हे सांगायची गरज नाही.

कॅलिपरची रचना समजून घ्या

कॅलिपर हा डिस्कला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा चिमटा आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत सरकता कॅलिपर असतो. त्याच्या एकाच बाजूला पिस्टन असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने सगळा कॅलिपर मागे सरकून बाहेरचा पॅडही ओढून घेतो. हे सरकणे दोन पिनांवर होते. पिनांवर रबरी बूट असतात आणि आत ग्रीस असते. पॅड स्वतः एका लोखंडी ब्रॅकेटच्या खाचांत बसतात. पॅडच्या दोन्ही टोकांना जे कान असतात ते या खाचांत मागे-पुढे सरकतात. खाचांवर पत्र्याच्या पातळ क्लिपा असतात.

म्हणून जाम होण्याच्या जागा तीन : पिना, पॅडचे कान आणि पिस्टन. यांपैकी दुसरी जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. क्लिपेच्या खाली ब्रॅकेटला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगून क्लिप वर उचलतो आणि पॅडचा कान खाचेत घट्ट आवळला जातो. पिना लोण्यासारख्या सरकत असल्या तरी पॅड हलत नाही.

दुसरा प्रकार स्थिर कॅलिपरचा. त्यात दोन्ही बाजूंना पिस्टन असतात आणि कॅलिपर सरकत नाही. त्याला सरकत्या पिना नसतात. पॅड धरणाऱ्या काड्या आणि स्प्रिंगची पट्टी असते. टेस्ला मॉडेल ३ च्या पुढच्या चाकांना असा कॅलिपर आहे. टाटा टियागोच्या विजेच्या गाडीत पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहे, म्हणजे तेथे कॅलिपर दोनच. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे आधी पाहून घ्यावे.

लक्षणे

मालकाने पुढील गोष्टींवर नजर ठेवावी. एकाच चार्जमध्ये गाडी पूर्वीपेक्षा कमी चालू लागली, तर अडकलेला पॅड डिस्कला घासत असण्याची शक्यता एकदा तपासावी. घरी आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा, मात्र डिस्कला हात लावू नये. एक चाक इतरांपेक्षा फार गरम लागले तर ते चाक उघडावे. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला जाणे, चाकातून सतत किरकिर येणे, तसेच चार-सहा चांगले ब्रेक मारूनही डिस्कवरचा तांबूस पट्टा न जाणे, ही सर्व लक्षणे दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत.

कामाला हात घालण्यापूर्वी

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या केंद्रात जावे आणि काम करून घेताना चाके उघडून दाखवा असे सांगावे. बाहेर काम करणाऱ्या कारीगराने चार खबरदाऱ्या घेतल्याशिवाय पाना उचलू नये.

एक, जॅक. विजेच्या गाडीच्या पोटाखाली बॅटरीचा मोठा पेटारा असतो. जॅक चुकीच्या जागी लागला तर पेटारा चेपतो आणि ते नुकसान गाडीच्या किमतीच्या हिशेबात मोजावे लागते. पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावावा. या गाड्या बॅटरीमुळे जड असतात, म्हणून जॅक आणि स्टँड तेवढ्या वजनाचे असावेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही काम करू नये. जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावावेत.

दोन, नारिंगी रंगाच्या जाड केबल. त्यांत जीव घेणारी वीज असते. ब्रेकच्या कामात त्यांना हात लावण्याची गरजच पडत नाही. गरज पडते आहे असे वाटले तर आपण चुकीच्या जागी आहोत असे समजावे.

तीन, मागच्या चाकांचा विजेवर चालणारा हँडब्रेक. अनेक गाड्यांत त्याची छोटी मोटर कॅलिपरवरच असते. गाडीच्या पडद्यावरून किंवा स्कॅनरने त्याला सर्व्हिसच्या स्थितीत आणल्याशिवाय तो पिस्टन मागे दाबू नये. जबरदस्ती केली तर आतला स्क्रू आणि दात मोडतात. शिवाय काही विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांत दार उघडताच ब्रेकचा दाब आपोआप तयार होतो. बोटे कॅलिपरमध्ये असताना असे होऊ नये म्हणून गाडी पूर्ण बंद करून चावी दूर ठेवावी.

चार, धूळ. ब्रेकची धूळ फुप्फुसाला घातक आहे. हवेच्या पाइपने ती उडवू नये. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसावी, तोंडाला मास्क लावावा. आपल्या शागिर्दांची छातीही आपल्याकडे सोपवलेली आहे, हे उस्तादांनी विसरू नये.

सफाईची रीत

एका वेळी एकाच चाकाचे काम घ्यावे, म्हणजे काही शंका आल्यास दुसऱ्या बाजूचे जुळलेले चाक पाहून खात्री करता येते.

चाक काढून प्रथम डिस्क हाताने फिरवून पाहावी. किती घासते आहे याचा अंदाज घ्यावा. सरकत्या कॅलिपरचे बोल्ट काढून कॅलिपर वर उचलावा आणि तारेने किंवा दोरीने वर बांधावा. तो रबरी होजवर लोंबकळत ठेवू नये. होज आतून तुटतो आणि वरून दिसत नाही. पॅड काढताना आतला कोणता, बाहेरचा कोणता यावर खूण करावी.

आता पॅड वाचावेत. आम्ही मुद्दाम वाचावेत असे म्हणतो, कारण पॅड सर्व हकीकत सांगतो. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजला असेल तर बहुधा पिन अडकली आहे. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल तर कान किंवा एक पिन जाम आहे. मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदलण्याची तयारी करावी. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते.

त्यानंतर क्लिपा काढाव्यात आणि खालची खाच तारेच्या ब्रशने किंवा कानशीने हलक्या हाताने घासावी. गंज पूर्ण जाऊन साफ धातू दिसला पाहिजे, पण धातू कापला जाता कामा नये. क्लिपा ढिल्या किंवा वाकड्या झाल्या असतील तर नव्या लावाव्यात. क्लिपा बसवून पॅड कोरडाच लावून पाहावा. बोटाच्या दाबाने तो सरकला पाहिजे. सरकत नसेल तर पॅडचे कान घासून त्याला लहान करण्याआधी ब्रॅकेट पुन्हा साफ करावे. दोष बहुधा तेथेच असतो.

मग पिना बाहेर काढाव्यात. वरची पिन आणि खालची पिन यांची अदलाबदल करू नये. काही गाड्यांत एका पिनेवर रबराची बारीक नळी असते आणि दुसरीवर नसते. जुने ग्रीस फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने पूर्ण काढावे. पिनेच्या भोकातले जुने ग्रीसही गोल ब्रशने काढून भोक कोरडे करावे. पिनेवर पॉलिश पेपर जोरात मारू नये, कारण वरचा मुलामा गेला की ती लवकर गंजते. पिनेवर खड्डे पडले असतील किंवा रबरी बूट फाटला असेल तर ते बदलावेत. फाटका बूट ठेवून नवे ग्रीस भरणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे होय.

पिस्टनचा रबरी बूट शाबूत आहे ना हे पाहावे. बाहेर आलेला भाग पुसून मगच पिस्टन सावकाश आणि सरळ मागे दाबावा. दाबताना वरच्या टाकीतील ब्रेक ऑइल वर चढते. ते सांडू देऊ नये, रंग खराब होतो. पिस्टन सरळ मागे जात नसेल किंवा बुटाखाली ओल दिसत असेल तर कॅलिपरची दुरुस्ती करावी किंवा तो बदलावा. तेथे ग्रीसने काम भागत नाही.

स्थिर कॅलिपर असेल तर काड्या आणि स्प्रिंगची पट्टी काढून साफ करावी, पॅड टेकण्याच्या जागा घासाव्यात आणि प्रत्येक पिस्टन सारखाच मागे जातो का हे पाहावे.

ग्रीस : कोणते, किती, कोठे

येथेच सर्वांत जास्त गफलत होते. गॅरेजमध्ये बेअरिंगच्या ग्रीसचा डबा उघडाच असतो आणि हात त्यात जातो. पण कॅलिपरची रबरे अशा रबराची असतात की खनिज तेलापासून बनलेले ग्रीस लागले की ती फुगतात. फुगलेले रबर पिनेला आवळते. म्हणजे पिन मोकळी करण्यासाठी लावलेल्या ग्रीसनेच ती काही महिन्यांत जाम होते. म्हणून पिनांना ब्रेकसाठीच बनवलेले, उष्णता सहन करणारे, रबराला न खाणारे सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीसच वापरावे. नळीवर तसे लिहिलेले असते. तांब्याचे ग्रीसही रबराजवळ नेऊ नये. तसेच गंज सोडवण्याचा फवारा हे ग्रीस नव्हे. तो उडून जातो आणि जागा कोरडी राहते.

‘ब्रेक ऑइल’ या नावानेही माणूस फसतो. ते तेल नाही, वेगळेच रसायन आहे. त्याच्या टाकीत इंजिन ऑइलचा किंवा साध्या तेलाचा थेंबही गेला तर आतली सर्व रबरे बिघडतात. ते हवेतली ओल शोषते, म्हणून टाकीचे झाकण उघडे ठेवू नये आणि अर्धवट उरलेली जुनी बाटली वापरू नये.

ग्रीस किती लावावे? पिनेवर पातळ थर पुरे. भोक ग्रीसने ठासून भरले तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. पिन घातल्यावर दोन-चार वेळा आत-बाहेर करावी, बूट खाचेत नीट बसवावा आणि आतली जादा हवा बाहेर काढावी. पॅडच्या कानांवर आणि पाठीवर जेथे लोखंड लोखंडाला टेकते तेथे, पुस्तिका मना करत नसेल तर, ब्रेकचेच ग्रीस बोटाने पुसल्यासारखे लावावे.

पॅडच्या मसाल्यावर आणि डिस्कवर मात्र ग्रीसचा ठिपकाही नको. कोऱ्या कापडावर तेलाचा एक डाग पडला तर सगळा ताका दुसऱ्या दर्जाला जातो, हे आपण जाणतो. कापड निदान कमी भावात विकता येते. तेल प्यालेला पॅड कोणत्याही भावाने वापरता येत नाही. तो फेकावा लागतो. जोडणीपूर्वी हात धुवावेत आणि डिस्क क्लीनरने पुसावी.

जोडणी आणि तपासणी

बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावेत. काही गाड्यांत कॅलिपरचे बोल्ट एकदा काढले की नवेच लावायचे असतात. चाकाचे नट चौकटीत आलटून-पालटून आवळावेत. टेस्ला गाडीच्या चाकाचे माप १७५ न्यूटन-मीटर आहे. इतर गाड्यांची मापे निरनिराळी असतात, म्हणून अंदाजावर जाऊ नये.

यानंतरची पायरी कोणत्याही परिस्थितीत विसरू नये. पिस्टन मागे दाबलेला असल्यामुळे पॅड आणि डिस्क यांच्यात अंतर पडलेले असते. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल पुन्हा पुन्हा सावकाश दाबावे, जोवर ते कडक लागत नाही तोवर. असे न करता गाडी बाहेर काढली तर पहिला ब्रेक रिकामा जातो आणि समोर भिंत असते किंवा माणूस असतो. हँडब्रेक सर्व्हिसच्या स्थितीतून परत आणावा, ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, मोकळ्या जागेत अगदी हळू वेगात दोन-तीन ब्रेक मारून पाहावेत आणि मगच रस्त्यावर जावे. काही किलोमीटरनंतर डाव्या-उजव्या चाकांची उष्णता सारखी आहे का हे तपासावे.

मालकाने रोज काय करावे

आठवड्यातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर, मागे-पुढे कोणी नसताना रिजन कमी करून चार-सहा ठाम ब्रेक मारावेत. काही गाड्यांत रिजन शून्यावर आणण्याची सोय असते. यामुळे डिस्क पुसली जाते आणि पिनाही हलतात. गाडी धुतल्यावर ओली तशीच उभी करू नये. थोडी चालवून, ब्रेक मारून कोरडी करावी. घाट उतरायचा असेल तर वर चार्जिंग करताना बॅटरीत जागा शिल्लक ठेवावी.

सफाई किती दिवसांनी करावी? कंपनीच्या पुस्तिकेतला नियम पहिला. त्याउपर आमचा सल्ला असा की पाऊस संपला की वर्षातून एकदा कॅलिपर उघडून घ्यावेत. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पावसाच्या आधीही एकदा पाहून घ्यावे. ग्रीसची एक नळी अनेक गाड्यांना पुरते. जाम झालेला कॅलिपर, डिस्क आणि पॅड बदलण्याचा खर्च त्याच्या कित्येक पट असतो.

कारीगर बंधूंसाठी दोन शब्द

गॅरेजच्या धंद्यात आपले कितीतरी लोक आहेत. विजेच्या गाड्या आल्या, आता आपली रोजी गेली, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटते. इंजिनची कामे कमी होतील यात शंका नाही. परंतु या गाडीलाही चाके आहेत, टायर आहेत, सस्पेन्शन आहे आणि ब्रेक आहेत. जुलै २०२५ मध्ये टेस्लाचे दालन मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. देशी कंपन्यांच्या गाड्या तर त्याआधीच गावोगावी पोहोचल्या होत्या. त्या वॉरंटीतून बाहेर पडतील तेव्हा मालक त्यांचे काम जाणणारा माणूस शोधत येईल. जो आज टॉर्क पाना, योग्य ग्रीस आणि पुस्तिका वाचण्याची सवय जवळ करील, त्याच्या दारात तो उभा राहील. ज्या मुलांना इंग्रजी पुस्तिका वाचता येते त्यांना उस्तादांनी शेजारी बसवावे. मुलाने वाचावे, उस्तादाने हात चालवावा.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कॅलिपरचे काम असे आहे की ते झाले की नाही हे मालकाला बाहेरून दिसत नाही. चाक न उघडता बिलावर ‘ब्रेक सफाई’ लिहिणे सोपे आहे. चाक उघडून, पिना तशाच ठेवून, वरून फवारा मारणे त्याहून सोपे आहे. मापात आणि तोलात खोट करणे हराम आहे हे आपण लहानपणापासून शिकलो. न केलेल्या कामाचे पैसे घेणे ही त्याच जातीची खोट आहे, आणि येथे मापात मारली जाते ती माणसाच्या जिवाची बाजू. गाडी सोपवणारा आपले घरदार त्या गाडीत बसवणार असतो. ती अमानत आहे. काम झाल्यावर जुने ग्रीस, गंजलेली क्लिप, पॅडची झीज मालकाला दाखवावी. जे केले ते लिहून द्यावे आणि जे करता आले नाही तेही सांगावे. असा कारीगर पाटी न लावताही ओळखला जातो आणि त्याच्या कमाईत बरकत असते.

अल्लाह तआला आपल्या हुनरात सफाई आणि व्यवहारात दयानतदारी देवो आणि रस्त्यावर चालणाऱ्या सर्वांना सलामत ठेवो. आमीन.